ध्यानासाठी कोच घ्यावा का, आणि घेतला तर तिच्याकडून काय घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या बाई चाळिशीतल्या, राहायला डोंबिवलीला, नोकरी परळला. तीन वर्षांपूर्वी त्यांनी इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. परतल्यावर सकाळ-संध्याकाळ तास-तास बसायला लागल्या आणि महिन्याभरात ते बंद पडलं. मग फोनवरचं ॲप घेतलं. ते पंधरा दिवस चालतं, सुटतं, पुन्हा सुरू होतं. रात्री तीनला जाग येते, छातीत धडधडतं, रक्तदाबाची गोळी चालू आहे. मैत्रिणीने एक माइंडफुलनेस (म्हणजे सजगतेच्या ध्यानाची) कोच सुचवली आहे, व्हिडिओ कॉलवर आठ भेटींचं पॅकेज. "कोच घेतल्याने खरंच फरक पडतो का, की हे ज्याचं त्यानेच करायचं असतं? आणि माझ्यासारखीने रोज किती आणि कसं बसावं?"

ताई, आधी उत्तर देते. कोच घ्या, पण थोड्या काळासाठी आणि एकाच कामासाठी. ते काम म्हणजे तुम्ही बसून उठलात की काय काय घडलं ते नीट ऐकून घेणं, आणि त्यातली एखादीच गोष्ट बदलून बघायला सांगणं. डोळे मिटून तिचा गोड आवाज ऐकण्यासाठी पैसे मोजू नका. तसे आवाज ॲपमध्ये ढिगाने आहेत, आणि त्याने तुमचं भागत नाही हे तुम्हीच लिहिलंय.

तुमचं का सुटलं, ते बघू. धम्मगिरीत, म्हणजे इगतपुरीच्या त्या केंद्रात, पहाटे चारला घंटा होते. दिवसाचे दहाएक तास बसणं, पहिले तीन दिवस आनापान (नुसता श्वास बघणं), चौथ्या दिवशी विपश्यना (शरीरभरच्या संवेदना बघणं), फोन जमा, कुणाशी न बोलण्याचं आर्य मौन, आयतं जेवण. तिथे मन बसतं यात नवल नाही, कारण बाकी सगळ्याची सोय दुसऱ्या कुणीतरी केलेली असते. घरी आलात की कुकर आहे, डबे आहेत, ठरलेली लोकल आहे. त्या परंपरेत जुन्या साधकांना रोज सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसायला सांगतात. ज्यांना ते जमतं त्यांना त्याचा फायदा होतो, मी अशी माणसं बघितली आहेत. पण ज्यांना जमत नाही त्यांचं बहुतेक वेळा असं होतं की तास मिळत नाही म्हणून दहा मिनिटंही बसायची नाहीत. वर अपराधीपणा. काही महिन्यांनी ती चटई दिसली तरी नजर चुकवावीशी वाटते.

ॲपची अडचण वेगळी. तुम्ही बसलात, झोपलात, रडलात की मनातल्या मनात महिन्याचा हिशेब मांडलात, ॲपला काहीच कळत नाही. शेवटी तीच टिंग वाजते आणि तोच शाबासकीचा संदेश येतो. सलग किती दिवस झाले तो आकडा चढत जातो, आणि एक दिवस चुकून तो शून्यावर आला की सगळंच सोडावंसं वाटतं. तुमचे पंधरा दिवस बहुधा तिथेच संपतात.

गाण्याच्या बाई कशा शिकवतात आठवा. त्या चांगल्या गाण्यांच्या रेकॉर्डी लावून देत नाहीत. त्या म्हणतात, गा बघू, आणि ऐकतात. मग म्हणतात, निषाद खाली लागतोय, आठवडाभर तेवढंच बघ. ध्यानात पंचाईत ही की बाहेरून ऐकू काहीच येत नाही. म्हणून तुम्हाला ते बोलून दाखवावं लागतं, आणि समोर विचारणारी व्यक्ती पक्की लागते. नवख्या माणसाला बोलून दाखवणंही जमत नाही. तो म्हणतो "मन लागलं नाही" किंवा "छान वाटलं". या दोन्ही वाक्यांत कोचच्या उपयोगाचं काही नसतं.

चांगली विचारपूस कशी चालते त्याचा एक नमुना देते. हे एका माणसाचं बोलणं नाही, अशा अनेक बोलण्यांतून मी जुळवलंय.

"ताई, आज मन लागलंच नाही."

"लागलं नाही हे कधी कळलं?"

"मध्येच. आधी भाजीचा विचार, मग ऑफिसातल्या मीटिंगचा, मग एकदम लक्षात आलं की अरे, आपण बसलोय."

"लक्षात आलं तेव्हा काय झालं?"

"वैताग आला."

"तो कुठे होता?"

"कुठे म्हणजे? मनातच की. थांबा... इथे, जबड्यात. दात आवळले होते मी."

"मग?"

"मग श्वासावर आणलं मन."

"कसं आणलंत?"

"कसं म्हणजे, जोरात. एक मोठा श्वास ओढला."

"बरं. या आठवड्यात एवढंच बघा, परत येताना श्वास ओढला जातोय का. थांबवू नका, बघा फक्त. वेळ तीच ठेवा."

बाहेरच्याला यात काही घडलंसं वाटणार नाही. पण तीन गोष्टी झाल्या. पहिली, त्या बाईंना कळलं की "अरे, आपण बसलोय" हा क्षण त्या बैठकीतला सर्वांत कामाचा क्षण होता. 2012मध्ये अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठातल्या संशोधकांनी ध्यान करणाऱ्यांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवलं आणि सांगितलं, मन भरकटल्याचं ध्यानात आलं की बटण दाबा. त्यातून त्यांनी एका फेऱ्याचे चार टप्पे मांडले: भरकटणं, भरकटल्याचं कळणं, लक्ष परत वळवणं आणि ते टिकवणं. हा फेरा एका बैठकीत पुन्हा पुन्हा होतो. "मन लागलं नाही" म्हणणारा माणूस पहिलाच टप्पा मोजतो आणि नापास होतो. फेरा वीस वेळा झाला तर कळणंही वीस वेळा झालं, हे त्याला कुणीतरी दाखवावं लागतं.

दुसरी, वैताग हा विचारातून शरीरात आला. जबडा सापडला. आता पुढच्या वेळी मीटिंगमध्ये जबडा आवळला गेला तर तो ओळखीचा असेल. तिसरी गोष्ट तुमच्या दृष्टीने महत्त्वाची. धडधडीचा त्रास असलेली बरीच माणसं श्वासावर लक्ष दिलं की श्वास चालवायला लागतात. तो आपोआप चालू देणं त्यांना जमत नाही. जोराने आणि खोल श्वास घेत राहिलं तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात, आणि माणूस आणखी घाबरतो. आठवडाभरानेही श्वास ओढला जात असेल तर मी त्या बाईंना श्वासावर बसवतच नाही. तळपायांचा जमिनीला होणारा स्पर्श किंवा मांडीवर ठेवलेले हात, यावर लक्ष ठेवायला सांगते. काहींना आवाज चालतात: पंखा, कावळे, सकाळची घंटागाडी. श्वासाकडे महिन्याभराने परत येता येतं. हा बदल ॲप करू शकत नाही, आणि एकट्याने बसणाऱ्याला तो सुचत नाही, कारण "ध्यान म्हणजे श्वास" हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

हे काम कोचचं. आता तुमच्या वाट्याचं.

तुमचा दिवस कसा जातो ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे वेळ तुम्हीच शोधा. पहाटे पाचचा संकल्प सगळेच करतात, आणि तो तीनला जाग येणाऱ्या बाईने तर करूच नये. तुमची झोप आधीच तुटकी आहे. घड्याळातली वेळ धरण्यापेक्षा रोज न चुकता होणारी एखादी गोष्ट धरा आणि तिच्या पाठीला ध्यान बांधा. चहाचा कप विसळला की बसायचं. ऑफिसातून आल्यावर हातपाय धुतले की बसायचं, स्वयंपाकघरात पाऊल टाकायच्या आधी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला सवयींवरचा एक अभ्यास 2009मध्ये आला. त्यात लोकांनी एक छोटी कृती रोजच्या एका ठरलेल्या प्रसंगाला जोडली होती. ती अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले, पण कुणाला 18 पुरले तर कुणाच्या बाबतीत अंदाज 254 दिवसांपर्यंत गेला. म्हणजे 21 दिवसांत सवय लागते हे तुम्ही जिथे तिथे ऐकता, त्याला काही अर्थ नाही. त्याच अभ्यासात दिसलं की एखादा दिवस चुकल्याने सवयीचं फारसं बिघडत नाही. ॲपचा आकडा शून्यावर आला तरी तुमचं काही शून्यावर येत नाही.

किती वेळ? बारा मिनिटं. हा आकडा कुठल्या ग्रंथातला नाही, माझा अंदाज आहे. पाच मिनिटांत मन अजून चपला काढत असतं, आणि वीस मिनिटं म्हटलं की घरातल्या बाईला मिळतीलच याची खात्री नसते. इगतपुरी करून आलेल्यांना बारा मिनिटं म्हटलं की अपमान वाटतो. वाटू द्या. महिनाभर आठवड्यातून पाच दिवस बारा मिनिटं झाली की वाढवायचं बघू. एखाद्या रविवारी पाऊण तास बसावंसं वाटलं तर जरूर बसा, पण त्याची भरपाई म्हणून सोमवार सोडू नका.

खुर्चीवर बसलात तरी चालतं. गुडघे दुखत असताना पद्मासनाचा हट्ट धरला तर बारा मिनिटं गुडघ्यांचंच ध्यान होतं. तळपाय जमिनीला टेकलेले, पाठ खुर्चीच्या पाठीपासून चार बोटं पुढे, हात मांडीवर, डोळे मिटलेले किंवा समोर दोन हातांवर जमिनीकडे. ज्यांना डोळे मिटल्यावर धडधड वाढते त्यांनी उघडे ठेवावेत. घरच्यांना एकदा सांगून ठेवा, आणि तरी कुणी हाक मारली तर ओ द्या. सासूबाईंच्या टीव्हीवर मालिका चालू असेल तर असू दे. शांत घर मिळेल तेव्हा बसू म्हणणाऱ्यांनी गणपतीचे दहा दिवस, लगीनसराई आणि मुलांच्या परीक्षा एवढे वगळले की वर्षात फारसं काही उरत नाही.

बसून उठलात की दोन ओळी लिहा. वहीत, फोनवर, कुठेही. पहिल्या ओळीत काय घडलं, म्हणजे "तीनदा कळलं, दोनदा नाही, शेवटी डुलकी". दुसरीत शरीरात काय होतं. कसं वाटलं, किती प्रगती झाली, हे लिहू नका. गुणही देऊ नका. या नोंदी आठवड्यातून एकदा कोचकडे जातील आणि बोलणं त्यावर होईल. कोच नसली तरी या दोन ओळी लिहा. महिन्याभराने वाचल्यात की काही गोष्टी तुमच्या तुम्हालाच दिसतील: बुधवारी हमखास चुकतं, किंवा जेवण झाल्यावर बसलं की झोप येते, किंवा ज्या दिवशी भांडण झालं त्या दिवशी बसलोच नाही.

झोपेचं थोडं वेगळं सांगते, कारण हा प्रश्न जवळजवळ सगळेच विचारतात. पाली ग्रंथांच्या बौद्ध परंपरेत ध्यानातले पाच अडथळे मोजलेत: हव्यास, द्वेष, सुस्ती, अस्वस्थता आणि शंका. पतंजलीच्या योगसूत्रांतल्या यादीतही आळस, संशय, अस्थिरता ही मंडळी आहेतच. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही लोक बसल्या बसल्या पेंगत होते. पण तुमच्या बाबतीत डुलकी हा अडथळा असेलच असं नाही. ती राहिलेली झोप असू शकते. चांगली कोच आधी विचारेल, काल किती झोपलात? पाच तास असेल उत्तर तर ध्यानातली झोप घालवायचे उपाय करण्यापेक्षा रात्रीचं बघायला हवं. आणि रात्री तीनला जाग आली तर "आता ध्यान करून झोप आणू" असं करू नका. झोप आणण्याच्या अटीवर केलेलं ध्यान म्हणजे दर दोन मिनिटांनी तपासणं, की आली का, आली का. पडल्या पडल्या पायाच्या बोटांपासून वरपर्यंत एकेका अवयवावरून लक्ष फिरवा, झोप येवो न येवो. ते त्या बारा मिनिटांत धरू नका.

लोकल हा तुमचा मोठा साठा आहे, तो वाया घालवू नका. सेगल, विल्यम्स आणि टीसडेल या तिघांनी वारंवार नैराश्य येणाऱ्यांसाठी एक उपचार-कार्यक्रम बसवला. त्यात तीन मिनिटांचा एक छोटा सराव आहे. पहिल्या मिनिटात आत काय चाललंय ते बघायचं: विचार, भावना, शरीर. दुसऱ्यात फक्त श्वास, तुमच्यासाठी तळपाय. तिसऱ्यात लक्ष पुन्हा पसरून सगळं शरीर, जसं असेल तसं. ठाणं गेलं की घाटकोपर यायच्या आत हे सहज होतं. डोळे उघडेच ठेवा, आणि दारात उभ्या असाल तर हे अजिबात करू नका, कडी घट्ट धरा. गर्दीत कुणाचं कोपर बरगडीत लागलं की "चिडचिड आली" हे कळणं, हाही सरावच. मला तर वाटतं, शांत खोलीत बसून न कळणाऱ्या काही गोष्टी महिलांच्या डब्यात तिघींच्या बाकावर चौथी म्हणून कडेला टेकल्यावर पटकन कळतात.

आता कोच कशी निवडायची ते. आपल्याकडे माइंडफुलनेस कोचला सरकारी परवाना लागत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, कोचचं तसं काही नाही. महिन्याभराचा ऑनलाइन कोर्स करूनही पाटी लावता येते. म्हणून विचारा. संकोच करू नका, पैसे तुमचे आहेत. तुम्ही स्वतः रोज बसता का, आणि सध्या कोणाकडे शिकता? प्रशिक्षण कुठे आणि किती काळाचं झालं? एखाद्याला ध्यानाने त्रास झाला तर काय करता, कोणाकडे पाठवता? या शेवटच्या प्रश्नाला "ध्यानाने कुणाला त्रास होत नाही" असं उत्तर आलं तर फोन ठेवा. 2017मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी ध्यान करणाऱ्यांच्या आणि शिकवणाऱ्यांच्या मुलाखतींवर आधारलेला मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. भीती दाटून येणं, झोप उडणं, आपण आपल्यापासून तुटलोय असं वाटणं, असे अनुभव त्यात सविस्तर नोंदलेत. ते बहुतांश लोकांना येत नाहीत, पण येतात, आणि शिकवणाऱ्याला ते माहीत असायलाच हवेत.

तुम्हाला पूर्वी नैराश्याचा मोठा झटका, एखादा आघात, भास होण्याचा त्रास यांपैकी काही झालं असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. तशा वेळी लांबलचक मौनाची शिबिरं टाळावी लागतात आणि बैठका लहान, उघड्या डोळ्यांच्या ठेवाव्या लागतात. बसल्यावर धडधड दर वेळी वाढतच असेल तर थांबा, डोळे उघडा, खोलीतल्या वस्तू बघा, उठून पाणी प्या, आणि कोचला कळवा. "सोसा, यातूनच पलीकडे जाल" हा सल्ला व्हिडिओ कॉलवरून कुणी देऊ नये. मन फारच खचलं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा 14416 वर चोवीस तास असते, मराठीतही बोलता येतं. आणि धडधड नुसती मनाची आहे हे आधी डॉक्टरांकडून ठरू द्या. रक्तदाब असलेल्या बाईची धडधड ध्यानाच्या कोचने तपासायची नसते. थायरॉइड, रक्तातलं हिमोग्लोबिन, एकदा ईसीजी, हे डॉक्टर सांगतील तसं करून घ्या. रक्तदाबाची गोळी ध्यानाच्या भरवशावर बंद करायची नाही, कमीही करायची नाही.

ध्यानाने नक्की किती फरक पडतो, हेही ऐकून ठेवा, म्हणजे पॅकेज विकणाऱ्यांच्या बोलण्याला भुलणार नाही. 2014मध्ये 47 चाचण्या आणि साडेतीन हजार माणसं एकत्र धरून एक आढावा निघाला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत फरक पडतो याचा मध्यम प्रतीचा पुरावा मिळाला, पण औषधं, व्यायाम किंवा इतर मानसोपचार यांच्यापेक्षा ध्यान सरस आहे असं दिसलं नाही. म्हणजे उपयोग आहे, चमत्कार नाही. यातलं बरंचसं संशोधन ज्या आठ आठवड्यांच्या कार्यक्रमावर झालंय, तो जॉन कबाट-झिन यांनी 1979मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केला. त्यात आठवड्याला अडीच तासांचा वर्ग आणि घरी रोज साधारण पाऊण तासाचा सराव असतो. तुम्ही बारा मिनिटं बसणार आहात. तेव्हा त्या अभ्यासांचे निकाल दाखवून तुम्हाला बारा मिनिटांचं पॅकेज कुणी विकत असेल तर तिला हा फरक विचारा. मी बारा मिनिटं सांगते ती टिकतात म्हणून. पुढे वाढवायची आहेतच.

आणखी काही खुणा. पहिल्या भेटीत कोच तुमच्यापेक्षा जास्त बोलली तर मनात नोंद करा. चक्रं उघडून देते, रक्तदाब घालवते, अमुक दिवसांत झोप लावते म्हणाली तर नको. व्हॉट्सॲप गटावर सगळ्यांनी रोज किती मिनिटं बसलो ते टाकायचं, असा प्रकार असेल तर त्यातून बाहेर राहता येतं का विचारा. व्हिडिओ कॉलला माझी हरकत नाही. डोंबिवलीहून दादरला जाऊन एक तास बोलून यायचं म्हटलं तर तिसऱ्या आठवड्यात ते थांबेल.

आठही भेटींचे पैसे एकदम देऊ नका. पहिली भेट एकटीच, वेगळे पैसे देऊन घ्या. पटलं तर पहिल्या चार आठवड्याला एक, पुढच्या दोन पंधरा दिवसांनी, शेवटच्या दोन महिन्याच्या अंतराने, अशी मांडणी मागा. आठ भेटी आठ आठवड्यांत उरकल्या तर नवव्या आठवड्यात तुम्ही पुन्हा एकट्या पडाल आणि पॅकेजचं नूतनीकरण करायची गळ येईल. अंतर वाढत गेलं की मधल्या आठवड्यांत "कधी कळलं? कुठे होतं? परत कसं आणलं?" हे प्रश्न तुम्ही स्वतःला विचारायला लागता. ज्या दिवशी तुमच्या दोन ओळींच्या नोंदीत ही उत्तरं न विचारता लिहिलेली दिसतील, त्या दिवशी कोचची गरज संपत आली. चांगली कोच हे आधी स्वतः सांगते. नंतर वर्षातून एखाद-दोनदा, काही अडलं तर, बोलावं.

इगतपुरीचं काय करायचं, हे तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण मनात असणार. तिथे शिकवताना पद्धतींची सरमिसळ करू नका असं स्पष्ट सांगतात, आणि त्यांच्या बाजूने ते रास्त आहे, दोन पद्धतींत रोज उड्या मारणाऱ्याचं कशातच काही होत नाही. तेव्हा निवड करा. तुम्हाला ती पद्धत मनापासून आवडली असेल तर कोचआधी तिथलं दार पुन्हा ठोठावा. जुन्या साधकांसाठी जागोजाग सामूहिक साधना असतात, गोराईच्या विपश्यना पॅगोड्यात एक दिवसाची शिबिरं होतात, सहायक आचार्यांना प्रश्न विचारता येतात, आणि या कशालाच फी नाही. शिबिर चांगलं होतं पण ती शिस्त आत्ताच्या दिवसांत बसत नाही असं वाटत असेल, तर पुढचे सहा महिने कोचबरोबरची साधी पद्धत धरा आणि विपश्यनेचा अपराधीपणा बाजूला ठेवा. कोचला मात्र शिबिराबद्दल सगळं सांगा. चौथ्या-पाचव्या दिवशी काय झालं होतं, हे विशेष. अनेकांच्या भीतीची किंवा ओढीची मुळं तिथे असतात आणि घरी बसायला लागलं की तीच परत वर येतात.

मैत्रिणीला होकार-नकार कळवायची घाई नको. या सोमवारपासून कोचशिवायच बारा मिनिटं बसा, दोन ओळी लिहा, आठवडा भरू द्या. चुकलेल्या दिवशी "चुकलं, कारण पाहुणे" एवढंच लिहा. मग पहिल्या भेटीच्या आदल्या दिवशी ती नोंद कोचला पाठवा, सोबत चालू गोळ्यांची नावं आणि झोपेच्या वेळा. भेटीत तिने ती वाचली होती का, आणि त्यावर पहिला प्रश्न काय विचारला, ते मला कळवा. बाकीच्या सात भेटी घ्यायच्या की नाही, ते त्यावरून सांगता येईल.